हिवाळी वर्गातला कायमचा नापास

चांदोरकरबाई गेल्याची बातमी आली, तेव्हा मी त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. हे वाचून कोणी हसलं तर माझी हरकत नाही. झालं असं की मांडीवर दिवाळीच्या फराळाची ताटली, चष्मा टीव्हीपाशी, आणि आमच्या हिवाळी वर्गाच्या ग्रुपवर अचानक बाईंचा फोटो. हातात खुरपं, मागे शेवंतीचा वाफा, चेहऱ्यावर नेहमीचं मिस्कील हसू. खालचा मजकूर वाचायचे कष्ट कोण घेतो… मी 'बाई, शतायुषी व्हा' असं लिहिलं, शेजारी केकचं चित्र डकवलं आणि चकली उचलली. ती चकली संपायच्या आत वर्गातल्या, पिंपळगावच्या शोभाताईंचा फोन आला. "काका, आधी वाचत जा ना हो. बाई गेल्या. सकाळीच." घाईघाईने मी तो केक पुसायला गेलो, तर तो फक्त माझ्या फोनवरून पुसला गेला. बाकी सगळ्यांच्या फोनवर तो अजून तसाच आहे, बाईंच्या फोटोखाली.

त्याला आता काही आठवडे होऊन गेले. बाई हृदयविकाराने झोपेतच गेल्या, फार त्रास झाला नाही, असं सगळे म्हणतात आणि मीही मान हलवतो. पण मला स्वस्थ बसू देत नाही तो त्यांचा वर्ग. शहराच्या कडेला, टेकडीच्या पायथ्याशी जे वनस्पती उद्यान आहे, तिथल्या जुन्या रोपवाटिकेच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाई दर हिवाळ्यात, दिवाळी संपली की होळीपर्यंत, रविवारी सकाळी मोठ्या माणसांना झाडं शिकवत. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई. लहान मुलांना त्या वर्गात घेत नसत. मुलांसाठी सगळेच काही ना काही करतात, म्हणायच्या. आता बाई नाहीत, आणि उद्यानाच्या साहेबांनी सांगून टाकलंय की संक्रांतीपर्यंत माणसं टिकली तर वर्ग, नाहीतर ती शेड लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांना भाड्याने. त्या शेडमध्ये कुणीतरी लेहंगा सावरत शेणखताच्या ढिगाला टेकून उभं आहे, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मी त्या वर्गात गेलो तो स्वेच्छेने नव्हे. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर मी घरात सल्ले द्यायला लागलो. फोडणीत मोहरी आधी की जिरं आधी यावर मी एकदा बोललो, त्याच आठवड्यात बायकोने, आमच्या सुनंदाने, परस्पर माझं नाव वर्गात घालून टाकलं. पहिल्याच रविवारी बाईंनी आम्हाला एका निष्पर्ण झाडापुढे उभं केलं. खोड पांढरंफटक. "हे असं का दिसतंय, कोण सांगेल?" आम्ही वीसेक माणसं, त्यात डॉक्टर, इंजिनिअर, एक निवृत्त मुख्याध्यापिका, आणि सगळे आपापल्या बुटांकडे बघत उभे. मला शांतता सोसत नाही. मी म्हणालो, "चुना लावलाय. रस्त्याकडेच्या झाडांना लावतात ना, तोच. कंत्राटदाराकडे चुना उरला असणार, म्हणून पार फांद्यांपर्यंत गेलेत." एवढ्यावर थांबलो नाही. चुन्याने वाळवी कशी लागत नाही, यावर मी बरंच बोललो. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "जरा नखाने खरवडून बघता?" मी खरवडलं. कागदासारखा पापुद्रा निघाला, खाली हिरवं. ते कांडोळाचं झाड होतं, त्याची सालच तशी असते. सगळे पोट धरून हसले. आणि हसता हसता मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, "मग पानं नसताना ही सालच हिरवी राहून काही काम करते का हो?" आणि त्यावर डॉक्टर काहीतरी म्हणाले, त्यांना इंजिनिअरने अडवलं… वर्ग सुटायची वेळ होऊन गेली तरी कोणी हलेना. मी मात्र घरी जाऊन सुनंदाला सांगितलं की पुन्हा तिथे पाऊल ठेवणार नाही.

पुढच्या रविवारी बाईंचाच फोन. "पाटणकर, निघालात ना?"

त्यानंतर मी दर हिवाळ्याला गेलो. जुनी माणसं शिकून बाहेर पडत, नवी येत, आणि मी तिथेच. शोभाताई मला 'रिपीटर' म्हणायच्या. कारणंही तशीच होती. गुलाबाची कलमं करायच्या दिवशी मी काडी उलटी लावली, डोळे खाली आणि बूड वर, आणि तिला आठवडाभर मनोभावे पाणी घातलं. शोभाताईंच्या घरी द्राक्षबाग, त्यांना काडी नवीन नाही. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काका, हिच्या मुळांना आता आभाळच दिसायचं." मी उपटायला गेलो तर बाईंनी हात धरला. ती काडी त्यांनी अख्खा हिवाळा तशीच ठेवली. येणारा-जाणारा तिच्याकडे बघायचा, मग स्वतःची काडी हळूच उपटून तपासून बघायचा, आणि बऱ्याच जणांना त्यात काहीबाही सापडायचं. एकदा संक्रांतीच्या सुमारास मी दुर्बिणीतून शिरीषाच्या शेंड्यावर शिक्रा दाखवला. पंखांवर पट्टे, शेपटी लांब, वाऱ्यावर डोलतोय पण उडत नाही, म्हणजे भक्ष्यावर टपलेला, असं साग्रसंगीत वर्णन केलं. रांगेने सगळ्यांनी बघितला. शेवटी मुख्याध्यापिकाबाई दुर्बीण खाली घेत म्हणाल्या, "अहो, शिक्र्याला मांजा लागलाय." फाटका पतंग होता. पण त्या दिवशी दुर्बिणीतून कसं बघायचं ते सगळ्यांना आलं, आणि तोवर तिला हात लावायलाही लाजणारी माणसं ती एकमेकांकडून ओढून घ्यायला लागली.

आता, माणूस कितीही ठोंब्या असला तरी दरवर्षी तेच ऐकून कधीतरी डोक्यात शिरतंच. एका हिवाळ्यात बाईंनी वाफ्यातली दोन पानांची रोपं दाखवून विचारलं, यातलं झेंडूचं कुठलं आणि तण कुठलं. मला येत होतं. मी ते बरोबर सांगितलं, पान चुरगळून वाससुद्धा घ्यायला लावला, आणि टाळ्यांची वाट बघत उभा राहिलो. कोणी काही बोललं नाही. नव्या आलेल्या बायकांनी फक्त माना डोलावल्या. बाई म्हणाल्या, "बरोबर," आणि मग काय बोलावं ते त्यांनाही सुचेना. त्या दिवशी वर्ग वेळेआधी सुटला.

हौदापाशी हात धुताना त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "पाटणकर, घरी वाचून येता का हल्ली?"

"थोडंफार. का हो?"

"येऊ नका."

मी म्हटलं, "बाई, विद्यार्थ्याला अभ्यास करू नको म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

त्या नखांतली माती काढत राहिल्या. "मी कॉलेजात इतकी वर्षं शिकवलं. पोरं चुकतात, हसतात, विसरतात. ही मोठी माणसं नाही चुकत. घरी, कामावर, सगळीकडे यांनाच सगळे विचारतात. इथे येतात आणि आपल्याला येत नाही हे कोणाला कळू नये म्हणून गप्प राहतात. दोन रविवार गप्प राहिली की तिसऱ्याला येत नाहीत. तुम्ही बोललात की मग कोणीही काहीही बोललं तरी तुमच्यापेक्षा बरंच असतं."

"म्हणजे मी मूर्खासारखं बोलायचं?"

"आजवर काय करत होता?"

मला राग आला होता की नाही, आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच की त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या, काहीतरी मागून अवघडल्यासारख्या.

तेव्हापासून मी ठरवून चुकत आलो. हे दिसतं तितकं सोपं नाही. न येणाऱ्याची चूक आपोआप होते. येणाऱ्याला ती जमवावी लागते, तिच्यात काहीतरी पटण्यासारखं असावं लागतं. शनिवारी संध्याकाळी गच्चीवर येरझारा घालत मी उद्याची चूक घोकायचो. सुनंदाला वाटायचं मी काही पाठांतर करतोय. वर्गात मी बोललो की बाई गंभीर चेहऱ्याने ऐकत, आणि जाताना हौदापाशी हलकेच म्हणत, "आज छान," किंवा "आज जरा जास्त झालं." गोड मुळ्यासाठी मातीत साखर घालावी, असं मी म्हणालो होतो, त्या दिवशी जास्त झालं होतं. हे आम्हा दोघांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं. शोभाताईंनाही नाही. त्या ही ओळ वाचतील तेव्हा मला फोन येणार आहे.

बाई गेल्या आणि वर्ग सायलीने घेतला. सायली म्हणजे बाईंची कॉलेजातली विद्यार्थिनी, आता स्वतः कुठेतरी शिकवते, हुशार आणि मन लावून तयारी करणारी. नवी पंचवीसेक माणसं आली. सायली प्रश्न विचारायची, थांबायची, मग स्वतःच उत्तर द्यायची. मी तिसऱ्या रांगेत बसून होतो. तोंड उघडायचो आणि मिटायचो. बाई असताना माझी चूक आम्हा दोघांची असायची. आता बोललो असतो तर तो नुसता एक म्हातारा चुकीचं बोलतोय, एवढंच झालं असतं… आणि ती केकची गोष्ट अजून ताजी होती. दर रविवारी माणसं कमी होत गेली. मी घरी येऊन येरझारा घालायचो, कुंड्या इकडच्या तिकडे करायचो. सुनंदा वैतागून म्हणाली, "तिकडे बोला की काय ते. इथे दिवसभर बोलता."

गेल्या रविवारी आम्ही नऊ-दहा जण उरलो होतो. वर्गाआधी सायली शेडच्या पायरीवर बसली होती. "काका, माझं काय चुकतंय? कोणी बोलतच नाही माझ्याशी. परवा साहेब टेप घेऊन शेड मोजून गेले." मी म्हटलं, "थंडी आहे, लोक उशिरा उठतात."

मग तिने टोमॅटोच्या रोपाचं एक पान दाखवलं. पानावर पांढऱ्या, नागमोडी रेषा. "या कशाच्या असतील?" नेहमीची शांतता. मला येत होतं. ही नागअळी, पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधून खात खात जाते, तिचा तो माग. मागच्या रांगेत एक बाई होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून बसणाऱ्या, आल्यापासून एक शब्द न बोललेल्या. त्यांनी पर्सची चेन लावली. उठणार होत्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गोगलगाय. रात्री पानावरून चालत जाते, तिचा चिकट माग वाळला की असा पांढरा दिसतो. ओल्या फडक्याने पुसलं की पान स्वच्छ."

सायली माझ्याकडे बघत राहिली. मी छताकडे बघितलं.

"पुसून जात नाही ते," मागून आवाज आला. पर्सवाल्या बाई. "मी पुसून बघितलंय. घरी. रोज पुसत होते."

"मी टूथब्रशने घासलं," दुसरं कोणीतरी म्हणालं.

"घासून जात नाही म्हणजे ते वरून नसणार, आतून असणार," असं एक गृहस्थ म्हणाले, आणि तोवर त्या बाईंनी पुढे येऊन पान उन्हाकडे धरलं होतं. "या टोकाला ठिपका आहे. अहो, हलतोय." सगळे उठले. मला कोपराने बाजूला सारून सगळे त्या पानाभोवती गोळा झाले. थोड्या वेळाने पर्सवाल्या बाईंना माझी दया आली असावी. "या काका, बघा. गोगलगाय नाही, अळी आहे. आतमध्येच." मी वाकलो, रेषेच्या टोकाशी तो इवलासा जीव बघितला, आणि विचारलं, "आत शिरली ते कळलं. पण मग ही बाहेर कुठून येते?"

हे मी ठरवून विचारलं नव्हतं. मला खरंच माहीत नव्हतं. इतके हिवाळे बसून मला हा प्रश्न कधी पडला नव्हता, आणि पडला तेव्हा मी सवयीने मान वळवली ती हौदाकडे. तिथे कोणी नव्हतं.

सायलीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग थांबली. "बघू या," म्हणाली. "तशीच पानं आहेत अजून रोपावर. एकाला दोरा बांधून ठेवू."

रविवारला अजून बरेच दिवस होते. बुधवारी मला राहवेना. दूध आणायला म्हणून निघालो तो पिशवी घेऊन थेट उद्यानात. शेडच्या मागे त्या रोपापाशी पर्सवाल्या बाई बसल्या होत्या, पर्स मातीत ठेवून, आणि त्यांच्या शेजारी ते गृहस्थ गुडघे धरून, खिशातलं भिंग काढत. मी मागून जाऊन वाकलो.

"काका," वर न बघताच बाई म्हणाल्या, "बाजूला व्हा जरा. ऊन अडतंय."

मी बाजूला झालो, आणि दुधाची पिशवी खाली ठेवून त्यांच्या शेजारी मातीत बसलो.