‘ब्रोकन’ म्हणायचं नाही

बिराजदार मास्तर वर्गात ‘ब्रोकन’ हा शब्द चालू देत नसत. “मोडकं ते समदं ब्रोकन व्हय रे? कसं मोडलंय ते सांग की!” असं म्हणत ते पिशवीतून एकेक वस्तू काढत. कपाचा टवका उडालेला असला तर चिप्ड, तडा गेला असला तर क्रॅक्ड, तांब्याला पोचा आलेला असला तर डेन्टेड.

दर शनिवारी प्रत्येकाने घरून एक खराब वस्तू आणायची. विणकराच्या घरचा नरसय्या टोक झिजलेला, मागावरचा धोटा आणायचा. आमच्या घरी मेंढरं. मी वडिलांची घोंगडी नेली. पोरं हसली. मास्तरांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. “हसताय काय? काठाचे धागे सुटलेत, फ्रेड. मधी विरलीय, थ्रेडबेअर. एका घोंगडीत दोन शब्द! आणा बघू कुणी असली!”

या खटाटोपामागे मास्तरांचं एक दुखणं होतं. वर्गातला फळा. मधोमध चीर, रंगाचे पापुद्रे, खडू धरतच नसे. मागे बसणाऱ्यांना अक्षर दिसत नसे आणि दरवर्षी तीच मुलं नापास होत. नव्या फळ्यासाठी मास्तर अर्जावर अर्ज करत. उत्तर कधी आलं नाही. शेवटी इन्स्पेक्टरसाहेब येणार असं कळल्यावर ते आम्हांला म्हणाले, “माझं कोण ऐकत न्हाय. तुमी सांगा त्यास्नी, त्यांच्या भाषेत.”

साहेब आले. मी उभं राहून फळ्याची सगळी दुर्दशा इंग्रजीत सांगितली. नरसय्याने मागून ‘वॉर्प्ड’ जोडलं, कारण लाकूड वाकलं होतं. साहेब खूश. पुण्याच्या मुलांनाही एवढे शब्द येत नाहीत, म्हणाले. मास्तरांनी लगेच हात जोडून नव्या फळ्याचा विषय काढला.

साहेब हसले. “मास्तर, फळा असा आहे म्हणून तर मुलं एवढं शिकली. राहू द्या.”

हेडमास्तरांनीही मान डोलावली. हे आठवलं की मला अजून चीड येते. मास्तर टांग्यापर्यंत साहेबांच्या मागोमाग बोलत गेले. परत आले ते फळा पुसत राहिले. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

पुढे मी बीए झालो, आमच्या घरातला पहिला. सात रस्ता चौकाजवळ मास्तरांच्या खोलीवर पेढे घेऊन गेलो, पाया पडलो. पेढा हातात तसाच धरून ते म्हणाले, “लई बरं वाटलं. आता एक सांग. मोडल्याचे शब्द मला समदे येतात. ऐकणारा उठून कामाला लागंल असा शब्द इंग्रजीत कुटला?”

ज्यांनी मला इंग्रजी शिकवलं त्यांना एक शब्द द्यायचा होता, आणि मला तो सापडेना.

“न्हाय ना?” त्यांनी दौत माझ्याकडे सरकवली. “मग बस. फळ्याचा अर्ज लिहू. खाली बीए म्हणून तुझी सही टाक, बघू काय करत्यात ते.”

त्याच महिन्याच्या अखेरीस ते निवृत्त होणार होते.