रविवारचा बांगडा, मंगळवारचं डोकं

माझं डोकं दुखायचं ते मंगळवारी. त्यामुळे रोगाचं निदान करणं गावाला फार सोपं गेलं. शेजारच्या काकूंनी पत्रिका न बघताच जाहीर केलं, "मंगळ कडक आहे हिचा." घ्या! मंगळाला दुसरी कामं नाहीत, तो बिचारा एवढ्या लांबून नेम धरून दापोलीतल्या एका मास्तरणीचं डोकं दुखवतो, आणि तेही अर्धंच, डावीकडचं.

ही दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. एसटीने अर्ध्या तासावरच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवत होते, तात्पुरती. जूनमध्ये कायम करायचं की नारळ द्यायचा, ते हेडसरांच्या हातात होतं. मंगळवारी मी सकाळी ठणठणीत निघायचे आणि तिसऱ्या तासाला फळ्यावरची अक्षरं नाचायला लागायची. मग डावा डोळा ठणकायचा, मळमळायचं, आणि बाई वर्ग टाकून शाळेमागच्या काजूखाली ओकायला. पुढची एसटी पकडून घरी यायचं, खिडक्या लावून आतल्या खोलीत पडायचं, ते थेट बुधवारी उठायचं.

हेडसरांनी एकदा बोलावून घेतलं. "बाई, तुमचं डोकं वेळापत्रक बघून दुखतं का हो? मंगळवारी नववीचा जोडतास आहे म्हणून विचारतो. आणखी एक मंगळवार बुडाला तर माझ्याकडून शिफारशीची अपेक्षा ठेवू नका."

असा संताप आला! पण बोलते काय? नोकरी गेली असती तर बाबांनी मुंबईहून स्थळांची माळच लावली असती. ते तिकडे नोकरीला, गणपतीला आणि शिमग्याला उगवायचे आणि दर वेळी एक स्थळ घेऊन उगवायचे. ती नोकरी हीच माझी ढाल होती.

उपाय तर काय, विचारू नका. कपाळाला सुंठीचा लेप, नाकात तूप. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी, त्यातली जिलबी तेवढी चांगली लागली. आई मीठ-मोहऱ्या उतरून चुलीत टाकायची आणि मोहरी तडतडली की म्हणायची, "बघ, केवढी दृष्ट लागलेली!" मोहरी विस्तवात पडली की तडतडणारच, असं विज्ञान मी तिला शिकवायला गेले नाही. डोकं दुखत असताना कोण वाद घालणार?

शेवटी खेडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी खाण्यापिण्याची चौकशी मांडली.

"मासे?"

"रविवारी. सोमवार आम्ही पाळतो."

"आणि मंगळवारी सकाळी काय खाता?"

"भाकरी आणि रविवारचं कालवण."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "दोन दिवसांचं?"

"मुरतं ना!" मी वर तोंड करून म्हटलं.

आता यात आमचं काय चुकलं? बाजारात बांगडा वाट्याने मिळतो. घरात माणसं दोन, वाटा आठ-दहा बांगड्यांचा. रविवारी संपायचा नाही, सोमवारी खायचा नाही. मग आई त्या टोपाला दोन्ही वेळ उकळी द्यायची, आणि तिरफळ-आमसुलात मुरलेलं ते कालवण मंगळवारी भाकरीबरोबर असं काही लागायचं, की रविवारचं ताजं त्यापुढे पाणी.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की बांगडा जसा शिळा होतो तसं त्यात हिस्टामिन नावाचं द्रव्य साठतं. ते कितीही उकळलं तरी जात नाही. ते मोडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, आपल्या आतड्यात असतं, ते काहींच्यात कमी असतं, आणि अशांपैकी काहींची अर्धशिशी उठते. "पक्कं मी सांगत नाही. डॉक्टरांतही यावर एकमत नाही. पण बंद करून बघायला काय जातं?"

दरवर्षी नववीला विकरं शिकवणारी बाई स्वतःच विकरांत नापास! शिवाय हे आईला सांगायचं होतं.

ती भडकलीच. "माझ्या हातचं खाऊन डोकं दुखतं तुझं? दोन्ही वेळ उकळी देत्ये मी त्याला! आणि ती डॉक्टरीण घाटावरची असेल, तिला काय कळतोय बांगडा?" दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण रविवारी तिने निम्मा वाटा काकूंना देऊन टाकला आणि उरलेला त्याच दिवशी संपवला. मंगळवारी सकाळी माझ्यापुढे भाकरी आणि मुगाची उसळ आदळली, स्वतःही तीच घेतली. "खा, तुझ्या डॉक्टरणीच्या नावानं."

तिसरा तास झाला, नववीचा जोडतास झाला. डोकं जागच्या जागी. पुढचे मंगळवारही तसेच गेले. जूनमध्ये मी कायम झाले, आणि हेडसर म्हणाले, "बघा, मनावर घेतलं की होतं!" मी हात जोडले आणि बाहेर आले.

तो दिवसही मंगळवारच होता, आणि शाळा लवकर सुटली. दुपारी घरी आले तर आई परसात बसून केरसुणीसाठी झावळीच्या पात्यांतले हीर सोलत होती आणि चक्क गुणगुणत होती. मी कायम झाल्याचं सांगितलं. तिने तोंडभर हसून माझ्या गालांवरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली.

"आज जेवून पडली नाहीस?" मी विचारलं.

"नाय गो. हल्ली मंगळवारी डोका धरत नाय माझा."

"तुझं? तुझं कधी धरायचं?"

"धरायचा ना. तुझ्या आधीपासून, लग्न होऊन आल्ये तेव्हापासून. तू आतल्या खोलीत पडायचीस, मी माजघरात फडका बांधून पडायच्ये." तिने दुसरं झावळीचं पातं ओढलं. "तुझी नोकरी जायची वेळ आली म्हणून तुला डॉक्टर दाखवला. माझा काय जाणार होता?"