उमाजीच्या दुपट्ट्याची गाठ

आमचा जवाई उमाजी धानोऱ्याकडचा मधवाला. माह्या भाचीचा, साधनाचा नवरा. झाडावर चढला का वानर लाजते, अन् माणसात बसला का तोंडाले कुलूप. सारं बोलणं माश्यांसंगच. मले म्हणे, "मावशी, माश्या मले वळखतेत." मी म्हणो, "मंग सुजवतेत काऊन?" तवा फक्त हासे. कितीही डंख बसले तरी चुना लावला का चालला पुढं.

त्याच्या घरची एक रीत हाये. मोसमातला माशीचा पहिला काटा आंगातून काढला का फेकाचा नाई, दुपट्ट्याच्या पदरात गाठ मारून ठेवाचा. मोसम बरकतीचा जाते म्हणे.

तीन वर्षांमांगं मोसमाच्या पहिल्याच मोहोळाखाली हा गडी कोसळला. आंगभर गांध्या, ओठ सुजलेले, श्वास घरघर वाजे. साधनानं जीप करून दवाखान्यात नेलं, सुई लागली, वाचला. तिथून आम्हाले नागपूरले डॉक्टर फरहतबाईकडं धाडलं.

बाईनं विचारलं, "काय चावलं होतं?"

उमाजी तावातच बोलला, "गांधीलमाशी. आपली माशी मले पाडूच शकत नाई."

रक्त तपासलं, तर दोन्हीचं निशाण निघालं. मधमाशीचंही अन् गांधीलमाशीचंही.

"असं कसं हो बाई?" मी विचारलं.

"मावशी, रक्तात पहारेकरी असतेत, अँटिबॉडी म्हणतो आम्ही. ते विषाचा एखादा कोपराच पाहून वळखतेत. ह्या दोघींच्या विषाले साखरेचं सारखंच लुगडं असते. काही पहारेकरी नुसतं लुगडं पाहून बोंबलतेत, त्यायचा त्रास सहसा नाई. जे नाकडोळे वळखतेत, ते खरे घातकी. तपासणीत दोघंही दिसतेत."

"म्हंजे आमच्या गावच्या बायकायसारखं. लुगडं पाहून मलेच साधना म्हणून हाक मारतेत!"

बाई हासली, पण लगेच गंभीर झाली. "ह्यायले विषाच्याच सुया द्याच्या हायेत, थेंबाथेंबानं वाढवत. मंग आंगात दुसरे, शांत पहारेकरी तयार होतेत, ते विषाले आधीच धरून ठेवतेत. पण भलत्याच माशीच्या सुया दिल्या अन् हे परत मोहोळाखाली गेले, तर वाचतीलच असं नाई. बारीक तपासणी लावतो, पण मले डंखाचंही खरं पाहिजे. आंगात काटा राह्यला होता का? मधमाशीचा राहते, गांधीलमाशी सहसा सोडत नाई."

"नाई राह्यला," म्हणून उमाजी पंख्याकडं पाहू लागला.

मले त्याची रीत आठवली. "जवाईबापू, दुपट्टा दाखवा बरं."

"मळका हाये, मावशी."

"मळकाच दाखवा."

साधनानं खसकन वढला अन् दातानं गाठ सोडली. आत मोहरीपेक्षा बारीक, वाळलेला काटा.

"मांगच्या साली..." उमाजी पुटपुटला.

"मांगच्या साली हा दुपट्टा दुकानात होता!" साधना कडाडली. "दिवाळीले मीच आणला."

मंग गडी नरमला. "मधवाल्याले मधमाशीनंच पाडलं म्हटलं तर लोकं हासतील ना."

मी म्हटलं, "लोकं हासले तर चार दिवस हासतील. साधना जलमभर रडली असती, त्याचं काय?"

साधनानं डोळे पुसले अन् त्याच मळक्या दुपट्ट्यानं त्याच्या पाठीवर एक चापटही मारली.

बारीक तपासणीतही मधमाशीच निघाली. मंग सुया सुरू झाल्या. पहिले दर आठवड्याले, मंग महिन्याले. तोवर उमाजीनं मोहोळाकडं पाह्यचंही नाई, हा साधनाचा कायदा. तो आंगणात बसून झाडायकडं पाहे, अन् मी म्हणो, "काय हो, माहेर आठवते का?"

यंदा फरहतबाईनं बोलावलं. सुया लागू पडल्या का हे पाहाले, सुई, ऑक्सिजन सारं तयार ठेवून खरीच मधमाशी त्याच्या हातावर बसवली. साधनानं माह्या हाताले नखं रुतवले. डंख बसला. बाई तासभर नाडी पाहत राह्यली. श्वास ठीक, ओठ ठीक. हातावर एक लाल फुगवटा आला, बस्स.

उमाजीनं मेलेल्या माशीले हात जोडले. मंग बाईकडं वळला. "मॅडम, तो काटा मले द्या ना. मोसमातला पहिला हाये."

बाईनं चिमट्यानं काढून त्याच्या तळहातावर ठेवला. गाठ मात्र ह्या खेपेले साधनानंच मारली.