यंदाही पत्रा जाडच!

गंजाच्या धंद्यात माणूस पडला की त्याच्याकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. एक म्हणजे शर्टाच्या बाह्यांवरचे तांबूस डाग, आणि दुसरे किस्से. डाग बायको घासून घासून काढते. किस्से कोण काढणार? ते एकावर एक चढत जातात आणि चार मित्र जमले की कोणीतरी हमखास म्हणतं, "तो जस्ताचा सांग ना यार." मग माझी गाडी सुटते.

पण यंदा हे किस्से मला हसत-खेळत आठवलेले नाहीत. यंदा मी तीन आठवडे एका फायलीवर सही न करता बसलो होतो, आणि त्या तीन आठवड्यांत एकेक किस्सा येऊन मानगुटीवर बसत होता. म्हणून आधी ती फाइल सांगतो.

बुटीबोरीत कापड रंगवायचा एक कारखाना आहे. त्याच्या मागच्या अंगाला गरम पाण्याची पोलादी टाकी आहे, चांगली दोन मजले उंच. पाणी किती आहे ते दाखवणारं मीटर केव्हाच बंद पडलंय. म्हणून दर दोन तासांनी ऑपरेटर शिडीनं छपरावर चढतो, मधल्या भोकातून टेप सोडतो आणि पाणी मोजतो. दिवसपाळीला हे काम देवरावचं. त्याच्या पायाखाली पोलादाचा एक पत्रा, आणि पत्र्याखाली वाफाळतं पाणी.

आमची छोटीशी इन्स्पेक्शन एजन्सी दरवर्षी त्या पत्र्याची जाडी मोजते आणि 'एक वर्ष वापरास योग्य' असं लिहून खाली मी सही करतो. सहा वर्षं केली. सहाही वर्षं रीडिंग एकदम झकास, नव्या पत्र्यासारखं! आता आतून चोवीस तास वाफ लागणारा पत्रा झिजत का नाही? रीडिंग वाईट आलं असतं तर मी शांत झोपलो असतो. चांगलं आलं म्हणून माझी झोप उडाली.

*

आमचं ऑफिस नागपूरच्या धंतोलीत आहे, खाली सोनोग्राफीचं क्लिनिक आणि वर आम्ही. आमच्या बोर्डावर 'अल्ट्रासोनिक तपासणी' लिहिलंय. आता अख्ख्या विदर्भातून पेशंट येणाऱ्या गल्लीत असा बोर्ड लावल्यावर काय होणार? रोज दोघं-तिघं जिना चढून वर येतात, बाकड्यावर बसतात आणि पाणी पिऊन आलोय म्हणून सांगतात.

आमचे टेक्निशियन पुंडलिकभाऊ त्यांना खाली पोचवून येतात. येताना क्लिनिकमधून जेलची एखादी बाटलीही उसनी आणतात, कारण पोटावर लावतात तेच जेल आम्ही पाइपावर लावतो. काम तेच, आवाज आत सोडायचा आणि काय परत येतंय ते बघायचं.

एकदा काटोलकडचे एक आजोबा असेच वर आले. मी त्यांना समजावलं की बाबाजी, इथे माणसं नाही, लोखंड तपासतात. बाहेरून धडधाकट दिसणारं लोखंड आतून किती राहिलंय ते आम्ही सांगतो. आजोबांनी मशीन नीट न्याहाळलं, जेलची बाटली न्याहाळली, मग मला.

"बिमारी निंगाली तं त्याच्या घरच्यायले कोन सांगते?" त्यांनी विचारलं.

पुंडलिकभाऊ पोट धरून हसले. मीही हसलो तेव्हा. त्या तीन आठवड्यांत मात्र हे वाक्य आठवलं की मी उठून पाणी पीत होतो.

*

एका कंपनीत पाण्याच्या पाइपांत आम्ही लोखंडाच्या छोट्या पट्ट्या टांगल्या. युक्ती सोपी असते. पट्टी वजन करून टांगायची, तीन महिन्यांनी काढून पुन्हा वजन करायचं. जेवढं वजन घटलं तेवढा गंज, म्हणजे पाइपही आतून त्याच हिशेबानं खाल्ला जातोय असं समजायचं.

तीन महिन्यांनी पट्ट्या काढल्या तर लखलखीत! वजन जसंच्या तसं. तिथल्या मॅनेजरनी मीटिंगमध्ये टाळ्या वाजवल्या, गंजरोधक औषध विकणाऱ्याला हारतुरे झाले. मला काही चैन पडेना. मी पंपरूममध्ये जाऊन बसलो, तर साफसफाईच्या शांताबाई आल्या. त्यांनी झडप बंद केली, पट्टी काढली, फडक्यानं पुसली आणि डबीतलं खोबरेल तेल चोपडून परत टांगली. दर शनिवारी न चुकता!

मी विचारलं तर म्हणाल्या, "टांगलेलीच विसरले वाटते कोनी. तेल नाही लावलं तं गंजन ना जी."

मी धावत मॅनेजरकडे गेलो, सगळं सांगितलं. त्यांनी उठून बाहेर डोकावून बघितलं. मग दार लोटून घेऊन हळूच म्हणाले, "ऑडिट होईपर्यंत बाईंना काही बोलू नका."

*

आता तो जस्ताचा. मोठ्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या नळ्यांच्या यंत्रात, आम्ही जस्ताचे ठोकळे बसवतो. पाण्यानं खायचंच असेल तर आधी जस्त खावं आणि यंत्र वाचावं, एवढाच त्याचा उपयोग. ठोकळा जन्माला येतो तोच मरायला.

वर्षभरानं त्या कंपनीच्या खरेदी खात्यातले एक साहेब तावातावानं ऑफिसात आले. पिशवीतून कुरतडलेला ठोकळा काढून त्यांनी टेबलावर आपटला. आमचं यंत्र बघा, वर्षभरात ओरखडा नाही, आणि तुमचा माल बघा, अर्धा संपला! त्यांचं म्हणणं असं की आम्ही त्यांना भंगार खपवलं. मी कागदावर चित्र काढून समजावलं, हात जोडून समजावलं. ते मान डोलावत गेले.

पुढच्या वर्षी फोन आला, कंडेन्सर गळतोय, लगेच या. गेलो तर नळ्यांची चाळण झालेली. आणि आमच्या ठोकळ्यांच्या जागी? स्टेनलेस स्टीलचे ठोकळे, खास बनवून घेतलेले! खरेदीवाल्या साहेबांनी त्यातला एक हातात घेतला, रुमालानं पुसला आणि मला दाखवला.

"बघा, याला म्हणतात क्वालिटी. वर्ष झालं, काही झालं नाही याला."

*

घरी तरी सुख आहे का? आम्ही शहराच्या कडेला, बेसा भागात राहतो. बोअरचं पाणी असं जड की नळाची तोटी वर्षात बदलावी लागते. मला एक वाईट खोड लागली आहे. लोखंड दिसलं की वाजवून बघायचं. सोसायटीच्या टाकीची शिडी, बागेतला झोका, मंगल कार्यालयात स्टेजचा खांब. लग्न लागतंय, लोक अक्षता टाकताहेत आणि मी मागे जाऊन खांब वाजवतोय. नवरदेवाच्या मामांनी एकदा मला मांडववाला समजून खुर्च्या कमी पडल्याचं सांगितलं.

फायलीच्या त्या तीन आठवड्यांत तर मी घरातलं काहीच सोडलं नाही. खिडकीचे गज, गॅसची शेगडी, मुलीची सायकल. बायको दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी तिनं पोळी लाटता लाटता शांतपणे विचारलं.

"माझ्या माहेरी गेलात की आधी गेट वाजवता, मग बाबांना नमस्कार करता. या वेळी कोणतं गेट आहे?"

मी टाकीचं सांगितलं. ती म्हणाली, मग इथे काय करताय.

*

तशी माझी पहिली शंका रंगावर होती, आणि तीही अनुभवातून आलेली. एका कारखान्यात कोणी बडा पाहुणा येणार असला की आधी सगळ्या पाइपांना रंग मारतात. गंज खरवडत नाहीत, त्याच्यावरच मारतात. दिवाळी, ऑडिट, चेअरमनसाहेबांची व्हिजिट, प्रत्येक वेळी नवा थर. आमचं मशीन मग रंगासकट जाडी दाखवतं. तिथल्या एका पाइपाचं रीडिंग दरवर्षी वाढत होतं.

पुंडलिकभाऊंनी तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि गंभीर चेहऱ्यानं माझ्यापुढे धरले. "साहेब, पाइप बाळसं धरून राहिला." मी रिपोर्ट घेऊन मॅनेजरकडे गेलो, तर ते खूश झाले. वाढतंय ना, मग कशाला काळजी करता, म्हणाले!

म्हणून यंदा बुटीबोरीच्या टाकीवर मी आधी रंग खरवडला आणि मगच मोजलं. रीडिंग तरी तेच. यंदाही पत्रा जाडच! रंगाचा दोष नाही, मशीनचा नाही, मग दोष कोणाचा? तिकडून प्लांट मॅनेजरचे रोज फोन. सर्टिफिकेटशिवाय टाकी चालवता येत नाही, टाकी नाही तर कारखाना नाही, आकडे चांगले आहेत तर सही का अडवून ठेवलीत? मी उद्या-परवा म्हणत टाळत होतो. आणि जुनी सही अजून महिनाभर चालणार होती, म्हणजे देवराव दर दोन तासांनी चढतच होता.

*

बायको बोलली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाइल उचलली, पुंडलिकभाऊंना गाडीवर मागे घेतलं आणि बुटीबोरी गाठली. पुंडलिकभाऊंचे गुडघे गेलेले, ते कधीच वर चढत नाहीत. मी वरून फोनवर सांगतो ते आकडे खाली शिडीपाशी बसून लिहून घेतात. त्यांनी मला त्यांची छोटी हातोडी दिली आणि आज वाजवूनच बघजा म्हणाले.

देवराव नेहमीसारखा पुढे झाला. "माझ्या मागून या साहेब," म्हणाला. दरवर्षी हेच म्हणतो. दरवर्षी चालताना त्याचे ओठ हलत असतात. मला वाटायचं, बिचारा नामस्मरण करतो, उंचीची भीती वाटत असेल. त्या दिवशी वारा पडलेला होता आणि मी त्याच्या अगदी जवळ होतो म्हणून ऐकू आलं. तो पावलं मोजत होता. नऊ सरळ, मग चार डावीकडे.

भोकापाशी पोचलो. दर वेळी मी वाटेनं मोजत येतो आणि इथून परत फिरतो. या वेळी म्हटलं, अख्ख्या छपरावर खडूनं चौकोन आखू आणि प्रत्येक चौकोनात मोजू. मी उजवीकडे पाय उचलला. देवरावनं माझा दंड असा धरला की बोटांचे वळ दुसऱ्या दिवशीही होते. सहा वर्षांत त्यानं मला कधी हात लावला नव्हता.

"तिकडं नाही जी."

मी का म्हणून विचारलं. तिकडं कोणीच जात नाही, म्हणाला.

मी पोटावर झोपलो आणि हात लांब करून हातोडी हलकेच मारली. पहिल्या ठोक्याला रंगाची खपली उडाली. दुसऱ्या ठोक्याला हातोडी आत गेली आणि रुपयाएवढ्या भोकातून वाफ वर आली. तिथे पत्रा असा नव्हताच, रंगाखाली गंजाचा पापड होता. मग मी झोपल्या झोपल्याच आम्ही चालून आलो त्या वाटेची कड खरवडली. खाली वेल्डिंग लागलं. जुन्या छपरावर कोणीतरी दीड फूट रुंदीची नव्या पत्र्याची पट्टी डकवली होती, शिडीपासून भोकापर्यंत, आणि वरून तोच हिरवा रंग. सहा वर्षं मी ती पट्टी मोजत होतो. देवरावनं मला नऊ अधिक चार पावलं धरून परत आणलं.

खाली आल्यावर मी माझ्या मोटरसायकलचं कुलूप काढून शिडीच्या पायथ्याच्या जाळीदार दाराला लावलं. फायलीत 'योग्य'च्या आधी 'अ' लिहिला आणि सही केली. मॅनेजर धावत आले, प्रॉडक्शनचं काय म्हणू लागले. मी किल्ली त्यांच्यापुढे धरली आणि म्हटलं, वर जाऊन बघून या, फक्त उजवीकडे जा. त्यांनी किल्ली घेतली नाही. वर चढायची सोय बंद होताच सहा वर्षं न मिळालेलं मीटर संध्याकाळच्या आत टाकीच्या बाजूला बसलं!

ते बसत होतं तेव्हा मी आणि देवराव गेटबाहेरच्या टपरीवर होतो. त्यानं सगळं सरळ सांगितलं. त्याच्या आधीच्या ऑपरेटरांनी छपराची तक्रार केली होती, तेव्हा ही पट्टी लागली. तेव्हापासून पाळीवर नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला पावलं शिकवतात. मला का सांगितलं नाही, यावर तो म्हणाला की तुम्ही दरसाल सही करता, तुम्हाला माहीत असेलच असं सगळ्यांना वाटायचं. ते ऐकून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

शेवटी मी विचारलं, "मला माहीत आहे असं वाटत होतं, तर दरवर्षी पुढे होऊन मला वाटेनं का न्यायचास?"

देवरावनं ग्लास खाली ठेवला.

"तुमाले काही झालं असतं तं सही कोनं केली असती जी?"