खालचा बर्थ

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर मुंग्यांची रांग विस्कटल्यासारखं आहे. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही वही कोणाच्या हाती लागली तर ऱ्हस्व-दीर्घाकडे बघू नका, माफ करा. वहीसुद्धा माझी नाही. ज्यांच्याकडे मी पोळ्या करते त्यांच्या मुलीने टाकून दिलेली, मागची पानं कोरी होती. कोरी पानं टाकायला जीव झाला नाही.

लिहायचं आहे ते रशियाबद्दल. म्हणजे रशियातल्या रेल्वेबद्दल. खरं म्हणजे आठ रियालबद्दल.

आम्ही तिघी. एक वसईची आंटी, वयाने सगळ्यात मोठी, इथे मस्कतमधल्या एका हॉटेलात खोल्या लावणाऱ्या बायकांवर देखरेख करते. दुसरी वादी अदाईची, ब्लाउज आणि पडदे शिवते, मी तिला मनात शिवणवाली म्हणते. तिसरी मी, वादी कबीरला तीन घरी पोळ्या आणि भाजी. जूनमध्ये शाळांना सुट्टी लागली की कुटुंबं भारतात जातात आणि माझं काम दीड महिना बंद पडतं. शिवणवालीचंही तेच. आंटीची रजा साठलेली होती.

गावी जायचं तर बॅग आपली आणि आतलं सामान दुसऱ्यांचं. कोणाला साबण, कोणाला टॉर्च, कोणाला खजूर. एका शुक्रवारी आंटी म्हणाली, "जिथे आपलं कोणी नाय, तिथे जाऊ या. कोणाला काय द्यायला नको."

शिवणवाली म्हणाली, "मला रेल्वेत बसायचंय. नऊ वर्षं झाली. इथे रेल्वेच नाही."

आंटीच्या हॉटेलात थंडीत रशियन पाहुणे यायचे. तिला त्यांचे वीस-पंचवीस शब्द येत होते. ती म्हणाली, रशियात रेल्वे दिवसचे दिवस चालते, रात्री गाडीतच झोपलं की हॉटेलचे पैसे वाचतात, आणि व्हिसा आता फोनवरच मिळतो. झालं. विमानाचे पैसे जिचे तिने भरले.

माझे यजमान गॅरेजमध्ये डेंटर आहेत, गाड्यांचे पोचे काढतात. ते एवढंच म्हणाले, "जा. पण पासपोर्ट आणि पैसे दुसऱ्याच्या हातात देऊ नकोस."

हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. मी या देशात पहिल्यांदा आले ती घरकामाला. त्या घरच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, माझा पासपोर्ट कपाटात ठेवला तो दोन वर्षांनी दिला. तेव्हापासून माझ्या पासपोर्टचा नंबर मला पाढ्यासारखा पाठ आहे, आणि कोणी गोड बोलून हात पुढे केला की माझी मूठ आपोआप मिटते.

इथे दोन्ही गोष्टी दुसऱ्याच्या हातात द्यायच्या होत्या. आपली कार्डं रशियात चालत नाहीत. आंटीच्या हॉटेलात रिसेप्शनवर एक रशियन मुलगी होती, तिने तिच्या कार्डावर तिकिटं काढली. आम्ही पासपोर्टचे फोटो आणि रियाल आंटीकडे द्यायचे आणि आंटी त्या मुलीला देणार. तीन गाड्या होत्या. मॉस्को ते कझान, तिथून पुढे येकातेरिनबर्ग, आणि तिथून परत मॉस्को.

"प्रत्येकीचे एकेचाळीस," आंटी म्हणाली.

मी दिले. रसीद मागायची लाज वाटली. माझं तिकीट माझ्या फोनात उघडेना, जागा भरली होती. आंटी म्हणाली, "राहू दे, मी तुझं छापून माझ्याकडे ठेवते." मला ते बरं वाटलं नाही. माझं तिकीट तिच्याकडे कशाला?

पुढच्या आठवड्यात ब्लाउज आणायला वादी अदाईला गेले तर शिवणवालीने हौसेने तिची तिकिटं फोनवर दाखवली. अक्षरं कळली नाहीत, पण आकडे सगळीकडे तेच असतात. तिन्ही गाड्यांची बेरीज सात हजार रूबलच्या आत-बाहेर होती. येताना रुवीला पैसे बदलायच्या काउंटरवर विचारलं, एका रियालला किती रूबल? तो म्हणाला, दोनशे दहा. घरी येऊन गॅसजवळ उभी राहून भागाकार केला. तेहतीस.

पुन्हा केला. तेहतीसच.

एकाच गाडीचं, एकाच डब्याचं तिकीट. आपल्याकडे वरच्या बर्थला आणि खालच्या बर्थला एकच भाडं असतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मग एकेचाळीस कसले? आठ माझे गेले, आठ शिवणवालीचे. दर रविवारी चर्चला जाणारी बाई, आणि सोळा रियाल!

तोंडावर विचारणं मला जमत नाही. माझी जीभ चार माणसांत टाळूला चिकटते. मी मनाशी ठरवलं, आपण बोलायचं नाही, आपण वसूल करायचं.

गाडीत बाहेरचं काही विकत घ्यायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून सुका खाऊ मी करून न्यायचा होता. बेसनाचे लाडू, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणीची चटणी, जवळ्याची चटणी. खर्च तिघींत. मला बारा रियाल लागले. मी चोवीस सांगितले. दोघींनी आठ-आठ काढून दिले, खरे होते चार-चार. म्हणजे माझे आठ वसूल. शिवणवालीचेही चार घेतले आणि तिचं तर आधीच नुकसान झालं होतं, हे मला त्याच वेळी कळत होतं. पण तिला वेगळा आकडा सांगितला असता तर फुटलं असतं. मी म्हटलं, ती आंटीची जास्त मैत्रीण आहे, सोसू दे.

मॉस्कोला संध्याकाळी गाडीत चढलो. डब्याच्या दारात गणवेशातली बाई उभी होती. आंटीने तिघींचे पासपोर्ट गोळा करून पत्त्यांसारखे तिच्या हातात दिले. मी पुढे होऊन तिच्या बोटांवर नजर ठेवली. तिने चेहरा बघितला, फोटो बघितला आणि परत दिले. मी माझा ओढूनच घेतला. आंटी म्हणाली, "अगं वहिनी, ती काय खाणार आहे तो?"

आत उघडा डबा. पन्नासेक बर्थ, पडदा नाही, दार नाही. मला मधोमध खिडकीजवळ खालचा बर्थ होता. त्या दोघी पार टोकाला गेल्या.

मी एकटी बसले आणि विचार सुरू झाला. मला वेगळं का बसवलं? दोघींना काय बोलायचं असेल? गणवेशातली बाई चादरीचं पाकीट देऊन गेली, मी उघडलं नाही, नंतर पैसे मागितले तर? धातूच्या नक्षीदार पकडीत काचेचा पेला ठेवून तिने समोरच्या माणसाला चहा दिला. मला विचारलं तर मी जोरात मान हलवली. पेला हरवला तर माझ्या नावावर. बाहेर नऊ वाजले तरी ऊन होतं. सूर्यसुद्धा मला काही खरा वाटेना.

तेवढ्यात एक म्हातारी आली. माझ्या डोक्यावरचा बर्थ तिचा होता. ती माझ्याशी बोलू लागली, वर बोट, खाली बोट, छातीवर हात. मला वाटलं, ही माझी जागा घेणार आणि मग तिकीटवाली मलाच उतरवणार. मी बर्थ दोन्ही हातांनी धरला. पिशवी पायांत घट्ट. म्हातारी हसली तर मला आणखी भीती वाटली.

शिवणवालीने लांबून बघितलं असणार. आंटी डुलत डुलत आली आणि आल्या आल्या म्हातारीला म्हणाली, "नेत, नेत," म्हणजे नाही, नाही. मग वाकून माझ्या गुडघ्यावर दोन थापा मारल्या, कळवळल्याचं तोंड केलं आणि बोटांनी पैसे मोजल्याची खूण केली.

म्हातारीने "आ-आ" केलं, आणि स्वतःचे दोन्ही गुडघे दाखवले. सुजलेले. मग सगळा डबा हसला. पलीकडच्या खालच्या बर्थवरचा एक दाढीवाला उठला, म्हातारीला आपली जागा दिली आणि स्वतः वर चढला.

मी हळूच विचारलं, "आंटी, पैशांची खूण कसली केलीत?"

"तिला सांगितलं, या बाईच्या गुडघ्यासाठी जास्त पैसे भरलेत. खालचा बर्थ इथे लय महाग असतो गं. वरचा स्वस्त. संडासाजवळचा वरचा सगळ्यात स्वस्त, ते आम्ही दोघींनी घेतले."

"मग माझ्या एकटीचं..."

"तुझं एकटीचं सत्तावन्न झालं. आमचं तेहतीस-तेहतीस. मी म्हटलं, तीन भाग करू सारखे. धाकटीला पण विचारलं, ती म्हणाली करा."

सत्तावन्न, तेहतीस, तेहतीस. मी मनात बेरीज केली. एकशे तेवीस. भागिले तीन. बरोबर एकेचाळीस.

"माझा गुडघा दुखतो हे मी कोणाला सांगितलं नव्हतं," मी म्हटलं.

"तुझ्या बिल्डिंगला लिफ्ट नाय. तू एका पायरीवर दोन्ही पाय ठेवून चढतेस. मी काय आंधळी आहे?"

"जास्तीचे माझ्याकडून घ्या ना."

"गप बस. माझा गुडघा जाईल तेव्हा तू भर."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. समोर आंटी होती, वेळ होती, गाडी कुठे पळून जाणार नव्हती. मी पिशवी उघडली आणि लाडवांचा डबा पुढे केला. आंटीने लाडू फोडला, आत बघितलं.

"काजू नाय घातलेस?"

"बारीक करून घातलेत," मी म्हटलं. एक खोटं लपवायला दुसरं.

मग त्यांची जागा बघायला गेले. संडासाचं दार प्रत्येक धक्क्याला आपटत होतं. शिवणवाली साइडच्या वरच्या बर्थवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती, पाय पसरायला तिथे जागाच नव्हती. मला बघून म्हणाली, "वहिनी, काय मज्जा येतेय ना रेल्वेत!"

पुढचे दिवस बघण्यासारखे होते. कझानच्या किल्ल्यात चर्च आणि मशीद एकाच आवारात होती. आंटीने एकीकडे मेणबत्ती लावली, आणि दुसरीकडून अजान आली तेव्हा आम्हा तिघींना एकदम मस्कत आठवलं. पुढच्या गाडीत एका बाईने सुका मासा वर्तमानपत्रावर ठेवून आम्हाला दिला, आम्ही तिला जवळ्याची चटणी दिली, ती डोळे पुसत पुसत आणखी मागत होती. परतीच्या गाडीत एक दिवस आणि वर दोन तास नुसती झाडं. पण प्रत्येक गाडीत मला खालचा बर्थ आणि त्या दोघी संडासाजवळ. लाडू निघाला की मी खिडकीबाहेर बघायचे. आता मला दुसराच संशय होता. यांना कळलंय का? शिवणवाली चटणी खाताना माझ्याकडे का बघते? आंटी दुकानात काजूचा भाव का विचारते?

परत आलो. वादी कबीरच्या उन्हात उतरताना ठरवलं, आठवड्याच्या आत सांगायचं. आठवडा गेला, महिना गेला, शाळा सुरू झाल्या. मी आंटीला फुकट पोळ्या पाठवू लागले. एकदा डब्यात पोळ्यांखाली चार रियाल कागदात गुंडाळून ठेवले. दुसऱ्या दिवशी डबा परत आला, नोटा तशाच. फोनवर म्हणाली, "वहिनी, तुझे पैसे डब्यात राहिलेले. सांभाळून ठेवत जा गं." तिला संशयसुद्धा आला नाही. मला त्याचीच लाज जास्त वाटली.

मग आधी शिवणवालीकडे गेले, ती लहान म्हणून सोपी. मशीन चालू होतं. मी चार रियाल कापडावर ठेवले.

"कसले हो?"

"लाडवांचे. मी चोवीस सांगितले, बाराच लागले होते."

मशीन थांबलं. "का पण?"

मी सगळं सांगितलं. तुझं तिकीट बघितलं, भागाकार केला, आंटी पैसे खाते असं वाटलं. तिने सुईतला दोरा तोडला. मग म्हणाली, "मला विचारलं असतंत तर तिथल्या तिथे सांगितलं असतं." नोटा उचलून तिने टेपच्या डब्यात टाकल्या. चहा विचारला नाही. मी उठले तेव्हा म्हणाली, "आंटीला मी सांगणार नाही. तुम्हीच सांगा."

तशीच टॅक्सी करून आंटीच्या खोलीवर गेले. शुक्रवार होता, ती केस धुऊन बसली होती. मी बसलेही नाही. दारात उभं राहून एका दमात बोलले, थांबले असते तर जीभ पुन्हा चिकटली असती. पुढे हात केला, हातात चार रियाल.

आंटी हसली नाही. टॉवेल खांद्यावर टाकला.

"म्हणजे पूर्ण रशिया तू मला चोर समजत होतीस?"

"मॉस्कोपासून थोडं पुढेपर्यंत," मी म्हटलं. "नंतर मीच होते."

खाली रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. मला वाटलं आता ती पैसे भिरकावणार किंवा राहू दे म्हणणार. राहू दे म्हणाली असती तर ते आयुष्यभर माझ्याकडेच राहिले असते.

"काजू होते की नव्हते?"

"नव्हते."

"वाटलंच मला." तिने नोटा घेतल्या, एक एक करून मोजल्या, पर्समध्ये ठेवल्या आणि पर्सची चेन लावली. "घेते मी हे. बरोबर आहेत. आता फुकट पोळ्या पाठवू नको, वजन वाढलं माझं."