कबूल केलेली शेळी

चांगुणाचा नवरा सहादेव गवंडी होता. नेवाशात एका बंगल्याचं प्लास्टर करताना तो परांचीवरून खाली आला आणि खुब्याचं हाड मोडून नगरच्या दवाखान्यात जाऊन पडला. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. चांगुणा कपडे न्यायला गावी आली होती. त्या दिवशी बुधवारची प्रार्थनासभा होती. चर्चमध्ये जेमतेम पंधरा माणसं होती. ती मधेच उभी राहिली आणि सगळ्यांसमोर बोलून गेली, "माझा धनी पायावर उभा ऱ्हायला, तर माझ्या शेळीला होईल ती पहिली पाट देवाची. मी ती ठेवून घेनार न्हाई."

पाट म्हणजे मादी करडू. सुनील पाळकांनी डोळे मिटून 'आमेन' म्हटलं, मागून बाकीचेही म्हणाले. चर्चच्या मागच्या खोलीत राहणारी भीमाबाई सगळ्यांत मोठ्यानं म्हणाली. ती सत्तरीपलीकडची, एकटी. चर्च झाडायची, रविवारी घंटा वाजवायची आणि मिळेल त्यावर गुजराण करायची.

सहादेव उभा राहिला. एप्रिलात काठी घेऊन तो वेशीपर्यंत चालत गेला. जूनमध्ये शेळी व्याली आणि पाटच झाली. काळीभोर, कानांवर पांढरे ठिपके. पाळक येऊन बघून गेले. जाताना म्हणाले, "चांगुणाबाई, ही आपण भीमाबाईंना देऊ. म्हातारीला दुधाचा आधार होईल."

"द्या की," चांगुणा म्हणाली. "जरा अंगावरचं दूध तुटू द्या."

यात खोटं काहीच नव्हतं. करडू आईला पीत होतं. तीन महिने गेले, दूध तुटलं. तोवर चांगुणानं तिला कवडी म्हणायला सुरुवात केली होती. देऊन टाकायच्या जनावराला नाव ठेवू नये, हे तिला कळत होतं. पण हाक मारली की ते धावत यायचं.

"कापणीच्या सणाला देऊ," ती सहादेवला म्हणाली. "सगळी अर्पणं त्याच दिवशी येत्यात. शोभंल."

नोव्हेंबरात कापणीचा सण आला. लोकांनी बाजरीची कणसं, भोपळे, कोंबड्या आणल्या. चांगुणानं पाटीभर कांदे नेले. कवडीला त्या आठवड्यात सर्दी झाली होती. शिंकतं जनावर देवाला कसं न्यायचं? सर्दी चार दिवसांत गेली. सणही गेला.

मग सहादेवच म्हणाला, "आता वरीसभरात ती व्याईल. व्याल्यावर दुभती देऊ. म्हातारीला लगेच दूध मिळंल. नुसती पाट दिऊन काय फायदा?"

हे चांगुणाला पटलं, आणि पटलं म्हणूनच तिला धड बसवेना. मोठं देऊ म्हणून थांबणं वाईट कसं? पण मग भीमाबाई रस्त्यात दिसली की आपले पाय कॅनॉलच्या वाटेकडे का वळतात? म्हातारी एका शब्दानं विचारत नव्हती. पाळकही विचारत नव्हते. कुणी टोचून बोललं असतं, तर भांडून मोकळं होता आलं असतं. चांगुणा चर्चमध्ये पुढच्या सतरंजीवरून उठून दाराजवळ बसायला लागली. प्रार्थनेला डोळे मिटले की शेळीच दिसायची. घरी भाकरी करता करता तव्यावरची भाकरी तशीच ठेवून ती गोठ्यात डोकावायची, परत यायची, पुन्हा जायची.

"काय हारवलंय का तुझं?" सहादेव विचारायचा.

"काय न्हाई."

उन्हाळ्यात एका रविवारी पाळकांनी मोशेच्या नियमातला भाग घेतला. देवानं इस्राएल लोकांना बजावलं होतं, की तुमच्या पिकातलं मला द्यायला उशीर करू नका. गुरामेंढरांचं पहिलं वेत सात दिवस आईपाशी राहू द्या आणि आठव्या दिवशी मला द्या.

"आठव्या दिवशी," पाळक म्हणाले. "का बरं? कारण देव मानसाला वळखतो. नवव्या दिवशी आपलं मन कारणं शोधायला लागतं. द्यायचं न्हाई असं कुनी म्हणत न्हाई. नंतर देतो म्हणतं."

त्यांनी दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. चांगुणा मात्र बोटांवर मोजत होती. दिवस नव्हे, महिने. अकरावा महिना चालू होता.

त्या दिवशी ती घरी आली ती दावं सोडायच्या तयारीनंच. सहादेव ओट्यावर बसला होता.

"गाभण हाय ती," तो म्हणाला. "आता हलवलीस तर गाभडंल. दोन-तीन महिन्यांनी काय आभाळ कोसळनार हाय?"

चांगुणानं दावं पुन्हा बांधलं.

श्रावणात कवडी व्याली. दूध चांगलं होतं, दोन्ही वेळचं मिळून दीड लिटर. सहादेवच्या चहाला दूध आलं, डॉक्टरांनी सांगितलेलं रात्रीचं पेलाभर आलं. पहिल्या आठवड्यात चांगुणा म्हणाली, "चिकाचं दूध निघू दे." दुसऱ्यात म्हणाली, "दूध बसू दे." पुढं कारण सांगायचंही तिनं सोडून दिलं. दूध काढताना मात्र तिचं लक्ष चर्चच्या वाटेकडं असायचं. दोनदा भांडं लवंडलं.

दिवाळीच्या आदल्या रविवारी घंटा उशिरा वाजली आणि भलत्याच हातानं वाजली. चांगुणानं पाळकांना विचारलं, "भीमाक्का कुठं गेल्या?"

"नगरपाशी केडगावला. लेकीकडं, सविताकडं. शुक्रवारीच न्हेलं तिनं. म्हातारीच्यानं आता एकटीनं निभत नव्हतं. खायची आबाळ हुत होती."

चांगुणा चर्चच्या मागं गेली. खोलीला कुलूप होतं. भिंतीला लागून म्हातारीनं चार बांबू रोवून वर पत्रा टाकला होता. आत खुंटी ठोकलेली, शेजारी फुटक्या घागरीचं पाणी पिण्याचं भांडं, आणि कोपऱ्यात शेवरीच्या पाल्याचा वाळून चुरा झालेला भारा. जनावर एकदाही बांधलं गेलं नव्हतं तिथं. चांगुणा उपासनेला आत गेलीच नाही. तडक घरी आली.

"आवं, मी कवडीला घिऊन केडगावला चाललीय."

"आज? आगं, निदान..."

"निदान म्हनू नगा," ती म्हणाली. "तुमी निदान म्हनता अन् मी ऐकते. दोघांचाबी गुन्हा हाय."

गावातल्या भागवतचा टेम्पो नगरला कांदे घेऊन निघाला होता. त्यानं मागं गोण्यांच्या कडेला जागा करून दिली. चांगुणा पुढं बसलीच नाही. कवडीची मान कवेत धरून मागंच बसली. तिचं करडू पदराखाली. नेवासा फाट्यापासून वाट सरता सरेना. घोडेगावच्या पुढं गाड्या तुंबल्या, तेव्हा खाली उतरून चालत सुटावं असं तिला वाटलं.

सविताचं घर तिसऱ्या मजल्यावर. एक खोली, स्वयंपाकाला आडोसा, कपडे वाळत घालायला हातभर सज्जा. भीमाबाईला जिन्यावरून धरून खाली आणलं. तिनं कवडीच्या कानांवरून हात फिरवला, कास चाचपली.

"झाक हाय गं. दूध किती देती?"

"दीड लिटर. तुमचीच हाय, आक्का."

म्हातारीनं वर मजल्यांकडं पाहिलं. "आता हिला कुठं बांधू? जिन्यात?"

चांगुणा म्हणाली, "चुकलं माझं."

म्हातारी 'जाऊ दे' म्हणेल असं तिला वाटलं होतं. भीमाबाई म्हणाली, "व्हय, चुकलं. म्या लई वाट बघितली चांगुणे. रोज पाला काढायची अन् रोज वाळायचा. मागायला जीभ रेटली न्हाई. देवाला कबूल केल्यालं मी कसं मागू?"

चांगुणा पायरीवर बसून रडली. म्हातारीनं तिला रडू दिलं. मग पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मला कुठं कबूल केलं हुतंस? ज्याला केलं, त्याला दे. पर घरी नगं न्हेऊस. घरी न्हेलीस तर ऱ्हाईल."

टेम्पो परतला तेव्हा दिवस मावळायचा होता. चांगुणा घराच्या वळणावर उतरली नाही, पाळकांच्या दारात उतरली. दावं त्यांच्या हातात दिलं, करडू शेळीपाशी सोडलं आणि म्हणाली, "आजच कुनाला तरी द्या. मी बघत उभी ऱ्हाते."

पाळक दावं धरून तिला वस्तीकडं घेऊन निघाले. वस्तीवर पंकजा राहायची. नवरा अजिनाथ कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेला. ही पोटुशी म्हणून मागं राहिलेली, हाताशी दोन वर्षांचं लेकरू. ती चर्चची नव्हती. शेळी दारात बघून ती घाबरली, "आमी काय दिलं न्हाई, काय घेतलं न्हाई. ही का म्हून?"

"देवाची हाय," चांगुणा म्हणाली. "लई दिवस माझ्याकडं पडून हुती. सकाळी भरड्याचं आंबोण लागतं तिला, अन् दूध काढताना हळू, डावं थान चिवट हाय."

मग ती वळली. मागून कवडी ओरडली, पण ती थांबली नाही.

बरं वाटलं का? तिचं तिलाही सांगता येत नाही. भीमाबाई काही गावात परतली नाही. चांगुणा दर आठवड्याला तिला फोन लावते, म्हातारी बोलते, हसतेही. पण फोन ठेवला की चांगुणा थोडा वेळ अंगणात येरझाऱ्या घालते.

यंदा दारातल्या शेवग्याला पहिल्यांदा शेंगा आल्या. सहादेव म्हणाला, "रविवारी न्हे चर्चला." त्या दिवशी गुरुवार होता. तिनं शेंगा मोडल्या, ओल्या फडक्यात बांधल्या आणि चहा चुलीवर तसाच ठेवून निघाली.