नकाशातलं शालनचं घर

संस्कृतीला सीमा नसतात, असं वाचनालयातल्या शोकसभेचे अध्यक्ष म्हणाले. वाक्य इतकं चांगलं होतं की दोघा-तिघांनी टाळ्यांसाठी हात उचलले आणि समोर हार घातलेला फोटो आहे हे आठवून ते मांडीवर ठेवून दिले. त्या फोटोतल्या माणसाची, आमच्या वासूची, उमेदीची वर्षं या नसलेल्या सीमा नेमक्या कुठे आहेत हे शोधण्यात गेली होती. वासू सभेला असता तर मागच्या बाकावरून त्याने हळूच विचारलं असतं, "नसतत? मगे मी काय बघी होतंय रे?" पण तो नव्हता, आणि सभा वेळेत संपली.

त्याच्या मृत्यूची तार मला दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली. तो तेरेखोल नदीच्या पलीकडे, गोव्यात पेडण्याला बहिणीकडे सुट्टीत गेला होता. तिथेच छातीत कळ आली आणि तिथेच सगळं उरकलंही. तार हातात धरून मी शाळेच्या व्हरांड्यात उभा राहिलो. आम्ही दोघे त्याच शाळेत शिकलो आणि पुढे त्याच शाळेत शिकवू लागलो. तो भूगोल आणि चित्रकला शिकवी. फळ्यावर एका दमात हिंदुस्थानचा किनारा काढायचा, खडू न उचलता, आणि आमच्या मालवणाशी आला की हात किंचित सावकाश व्हायचा.

देशाचे सांस्कृतिक विभाग ठरवून त्यांचा नकाशा करण्यासाठी एक समिती नेमली गेली, तेव्हा गावोगावच्या शिक्षकांकडून माहिती मागवण्यात आली होती. बहुतेकांनी "आमचा भाग अत्यंत प्राचीन असून" अशी सुरुवात करून पोस्टकार्ड भरलं. वासूने उलट समितीलाच प्रश्न विचारले. विभाग म्हणजे काय, तो संपला हे कळायचं कसं, आणि मधल्या माणसांनी कुणीकडे जायचं? समितीने त्याला दक्षिण कोकणाचा मानद साहाय्यक नेमलं. मानद म्हणजे बिनपगारी, हे त्याच्या आईला समजावून सांगायला एक संध्याकाळ गेली.

पहिल्यांदा त्याने बोलीवर भिस्त ठेवली आणि फसला. आचऱ्याहून चालत निघालेल्या माणसाला वेंगुर्ल्यापर्यंत आपली बोली कुठे बदलली ते कळत नाही; वेंगुर्ल्याच्या माणसाला मात्र तो तोंड उघडताच कळतं. मग त्याने आमटीत आंबट काय घालतात ते विचारून पाहिलं. देव पाहिले, लग्नातली गाणी पाहिली. प्रत्येक गोष्ट वेगळ्या ठिकाणी संपत होती आणि नकाशावर पोराने रेघोट्या माराव्यात तसं दिसू लागलं. शेवटी फोंडाघाटच्या बाजारात त्याला वाट सापडली. चहाच्या दुकानात बसून तो घाटावरून उतरणाऱ्या गाड्या बघत होता. गूळ खाली येत होता, नारळ वर जात होते. वर्षानुवर्षांच्या ओळखी, एकमेकांच्या आजारपणाची चौकशी… पण कुणाची मुलगी वर जात नव्हती की खाली येत नव्हती. "म्हणजे हय कोकण सोपला," तो मला परत आल्यावर म्हणाला. जिथवर माणसं मुलगी देतात तिथवर आपला मुलूख. त्याच्यापुढे ओळखी असतात, व्यापार असतो, क्वचित प्रेमही असतं, मुलूख नसतो.

मग तो रविवारी सायकल काढून गावोगाव विचारत फिरू लागला, "तुमचा चेडू खंय दिलास?" अविवाहित माणसाने हा प्रश्न दारोदार विचारणं धोक्याचं असतं. एका म्हाताऱ्याने त्याचं बोलणं नीट ऐकून घेतलं, आत गेला आणि पत्रिका आणून त्याच्या हातावर ठेवली. "धाकटा द्यायचा रवलासा. तुमचो पगार किती?" वासूने पत्रिका परत केली. म्हाताऱ्याने मागून ओरडून सांगितलं की मास्तर, इतकी घरां बघलास तर लगीन जावचा नाय.

या रविवारांतून जो नकाशा झाला त्यात घाटाच्या बाजूला स्वच्छ रेघ होती. दक्षिणेला रेघच नव्हती. आमचा फिका तांबूस रंग तेरेखोल नदी ओलांडून पेडण्यात जात होता आणि पुढे हळूहळू विरत होता. त्या वेळी गोव्यात पोर्तुगीज होते आणि हद्द बंद झाली होती. वासूची धाकटी बहीण शालन पलीकडे दिलेली. हद्द बंद झाल्यापासून आईने तिला पाहिलं नव्हतं. मधे शालनला मुलगा झाला तेही कुणाकडून तरी कळलं होतं. नकाशा पुरा झाला त्या दिवशी मी तिथेच होतो. आईने कंदील जवळ ओढला.

"आमच्या शालनचा घर खंय आसा ह्यात?"

"ह्या हयसर."

"आणि आपला?"

"ह्या."

तिने दोन्ही जागी बोट ठेवून पाहिलं. "रंग एकच मां?"

"एकच."

"मगे पोलीस कित्याक आडवतत?"

"पोलिसांनी अजून माझो नकाशो बघूक नाय."

ती हसली नाही. हा कागद सरकारात छापला जाणार आणि त्यात शालनचं घर आपल्यात असणार, एवढं तिला पुरेसं होतं. शेजारणी आल्या की ती त्यांना ते सांगे. वासूला विचारलं असतं तर त्याने शास्त्राची चार कारणं सांगितली असती. पण तो रंग आईसाठी नदी ओलांडून गेला होता हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. त्यातली गैरसोयीची गोष्ट अशी की तो रंग खराही होता.

समितीचे अध्यक्ष नकाशे तपासायला स्वतः फिरत होते. आमच्याकडे ते आले ते नेमके गावपळणीत. आमच्या गावात काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि अख्खं गाव तीन दिवस हद्दीबाहेर राहायला जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, अंथरुणाला खिळलेले म्हातारे, सगळे. त्या दिवसांत गाव भुतांचं, असं म्हणतात. हद्दीवर व्हाळ आहे, छोटा ओढाच; त्यापलीकडे नारळाच्या झापांच्या खोपी उभ्या राहतात आणि देवाने परत यायचा कौल देईपर्यंत कुणी आत पाऊल टाकत नाही. कौल ऐन वेळी झाला होता. वासूने पाठवलेलं पत्र अध्यक्षांना वाटेत कुठेच गाठू शकलं नाही. जीप दुसऱ्या बाजूने गावात शिरली, बंद दारांवरून फिरली आणि अखेर व्हाळापाशी येऊन थांबली. गुरांनी परत गावात जाऊ नये म्हणून व्हाळ ओलांडायच्या साकवाच्या फळ्या काढून ठेवल्या होत्या. इकडे आम्ही, तिकडे अध्यक्ष, मध्ये पोटरीभर पाणी.

"रे वासू," खोपीतून एक म्हातारा म्हणाला, "देवान गाव भुतांक दिल्यान म्हणतत ता खरा रे. बघ, जीपगाडयेत बसान इली."

अध्यक्षांच्या पायांत बूट होते, बुटांत मोजे होते. त्यांनी पाण्याकडे पाहिलं आणि वासूला हाक मारली. "या ना इकडे. नकाशा पसरलाय बॉनेटवर."

"येऊ शकत नाही. गाव बंद आहे."

"कुणी बंद केलं?"

"देवाने."

अध्यक्षांनी नकाशावर बोट ठेवलं. मग ओरडून विचारलं, "हा रंग नदीपलीकडे कशासाठी गेला?"

"तिकडे मुली दिल्यायत!"

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्या!"

"असं ओरडून शास्त्र होत नसतं, गुरुजी. समोर येऊन मला पटवा, मी आत्ता सही करतो. नाहीतर नदीवर रेघ मारावी लागेल. आजच्या आज पुढे जायचंय मला."

वासू देवभोळा नव्हता. देवळात तो खांब मोजायला जाई. पाच पावलं टाकायची, पाय ओले करायचे, एवढंच काम होतं, आणि आम्ही कुणी त्याला अडवलंही नसतं. नंतर वर्षभर बोललो असतो, तो भाग वेगळा. तो काठाशी गेला. त्याची आई, जिने कुठल्याच गावपळणीत मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं, ती खोपीतून उठून त्याच्यामागे आली.

"जा रे झिला. देवाक काय ता मी सांगतलंय."

तो पाण्याकडे बघत राहिला. "आये, आपणच पाळूक नाय तर हद्द ऱ्हवली खंय?"

"मगे शालन?"

पलीकडे अध्यक्षांनी खिशातून निळी पेन्सिल काढली. बॉनेटवर वाकून त्यांनी ती कुठून कुठे ओढली ते आम्हाला दिसलं नाही. हात मात्र दिसला. नदीच्या वळणांसकट काढायला त्यांना फारसा वेळ लागला नाही. जीप वळली, धूळ उडाली, आणि कुणाची तरी म्हैस ओरडली.

संध्याकाळी आईने विचारलं, "शालन खंय ऱ्हवला?"

"होता थंयच."

"आणि रंग?"

"रंग छापूक महाग पडता, आये."

हे अगदीच खोटं नव्हतं. अध्यक्षांचंही सगळं चुकलं असं मी म्हणणार नाही. विरत जाणारा मुलूख कुठल्याच कचेरीला परवडत नाही. कुठल्या तरी टेबलावर तो संपावाच लागतो. नकाशा छापून आला. प्रस्तावनेत 'स्थानिक सहकारी' यांचे आभार होते. वासूने तो विकत घेतला नाही. पुढे तो फळ्यावर फक्त किनारा काढी. आतल्या रेघा मुलांनी पुस्तकात पाहाव्यात म्हणे.

आई त्यानंतर फार जगली नाही. गोवा मोकळा झाला तेव्हा तिला जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. हद्द उघडल्यावर पहिल्या आठवड्यातच वासू तरीत बसून पलीकडे गेला. शालन दारात उभी राहून रडली आणि मग म्हणाली, "आये आसती तर…" वाक्य तिथेच राहिलं. त्यानंतर प्रत्येक सुट्टीला तो तिच्याकडेच असे. मी एकदा विचारलं, तुझा रंग बरोबर निघाला की नाही? तो म्हणाला, "माका वाटता." एवढा ठाम माणूस 'वाटता' का म्हणाला, ते मी तेव्हा विचारलं नाही.

बाराव्याला मी पेडण्याला गेलो. मागच्या पडवीतली त्याची खोली शालनने जशीच्या तशी ठेवली होती. खिडकीशी अरुंद खाट, उशाला पाण्याचा तांब्या आणि त्यावर पालथं भांडं. तो कोनाड्यात खडूचे तुकडे ठेवी, पेडण्यात फळा नसताना. तांब्यात पाणी ताजं होतं. "सकाळी भरतंय," ती म्हणाली, "हात आपसूक जाता." मी खाटेवर बसलो आणि तिथून मला हलवेना.

बाहेर पानं मांडली जात होती. शालन मला बोलवायला परत आली. डोळे पुसून, घरच्या बाईच्या अदबीने, पाहुण्याला सांगावं तसं ती म्हणाली, "अण्णा, जेवक चला. आमच्यात बाराव्याकच करतत. तुमच्यात तेराव्याक मां?"

मी हो म्हणून मान हलवली आणि पानावर जाऊन बसलो.

आमच्यातही बाराव्यालाच करतात.